फळमाशीला दूध, गहू, शेंगदाणे खायला घालून जीन्स कशा बघायच्या: नवख्यांसाठी पहिल्यापासून

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो नाहीतर एमएस्सीचं डिझर्टेशन, "फूड ॲलर्जेन आणि ड्रोसोफिला असं काहीतरी करायचंय" म्हणणारं कोणीतरी दरवर्षी भेटतंच. विषय चांगलाय. उंदीर लागत नाहीत, खर्च आटोक्यात राहतो, आणि २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात म्हणजे एका सेमिस्टरमध्ये सगळा प्रयोग परत एकदा करून बघायला वेळ उरतो. फक्त यात एक खड्डा आहे आणि बहुतेक जण थेट त्यातच जाऊन पडतात: माश्यांच्या खाण्यात, म्हणजे मिडियममध्ये, शेंगदाण्याचं पीठ घातलं, एखादी इम्युनिटीची जीन वर गेली (म्हणजे तिचा आरएनए वाढला), की लगेच रिपोर्टमध्ये "ॲलर्जिक रिस्पॉन्स दिसला". व्हायवाला एक्स्टर्नल फक्त एवढंच विचारतात की माशीत आयजीई असतं का, आणि मग शांतता. तो खड्डा टाळून हा प्रयोग कसा करायचा ते खाली सांगतो.

आधी हे पक्कं करा: माशीला ॲलर्जी होत नाही

आपल्याला शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी होते ती आयजीई नावाच्या अँटीबॉडीमुळे. आधी शरीर त्या प्रोटीनविरुद्ध आयजीई बनवतं, मास्ट सेल त्या अंगावर चिकटवून बसतात, आणि पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की हिस्टमिन सोडतात. माशीत यातलं काहीच नाही, ना बी सेल, ना टी सेल, ना अँटीबॉडी, ना मास्ट सेल. तिच्याकडे फक्त जन्मजात इम्युनिटी असते, म्हणजे टोल आणि आयएमडी हे दोन मोठे सिग्नल मार्ग, जॅक-स्टॅट नावाचा आणखी एक मार्ग, हिमोसाइट म्हणजे रक्तातल्या पेशी, आणि फॅट बॉडी नावाचा अवयव जो जंतू मारणारी छोटी प्रोटीन्स बनवतो. टोलचा बुरशीविरुद्धच्या लढाईतला रोल १९९६ मध्ये माशीतच सापडला आणि त्या कामासाठी ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं, त्यामुळे माशीची इम्युनिटी काही कमी दर्जाची आहे असं अजिबात नाही. पण हे मार्ग जागे होतात ते बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनमुळे, बुरशीच्या ग्लुकनमुळे, किंवा बुरशी-जंतूंनी सोडलेल्या प्रोटीएझमुळे. शेंगदाण्याचं ठरावीक प्रोटीन ओळखून बसलेलं असं तिथे कोणी नसतं.

मग ॲलर्जेन घातल्यावर जीन्स बदलतात त्या कशाने? चार कारणं नेहमीची. प्रोटीन वाढलं म्हणून पोषण बदललं. चव किंवा पोत बदलला म्हणून माशी कमी-जास्त खायला लागली. पिठाबरोबर जंतू आले. आणि पिठात प्रोटीनशिवाय इतर काही रसायन होतं. तुमचा सगळा प्रयोग म्हणजे या चार गोष्टी एकेक करून बाजूला काढणं, आणि त्यानंतरही काही उरलं तर ते त्या प्रोटीनचं. म्हणून प्रश्न असा लिहा: "माणसात ॲलर्जी करणारं अमुक प्रोटीन अख्खं खाल्ल्यावर माशीच्या आतड्यातल्या जीन्स पोषणापलीकडे काही बदलतात का?" लांबलचक आहे, पण व्हायवाला वाचवतो.

ॲलर्जेन निवडा (इथेच अर्धा प्रयोग ठरतो)

घाई करून जवळच्या किराणा दुकानातून पीठ आणू नका, आधी प्रत्येकाची भानगड समजून घ्या.

शेंगदाणे सगळ्यांना पहिले सुचतात. पण बाजारच्या दाण्यांत अस्परजिलस बुरशीचं ॲफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते माशीला विषारी आहे, म्हणजे डिटॉक्सच्या जीन्स वर गेल्या तर श्रेय दाण्याच्या प्रोटीनला द्यायचं की बुरशीला हे कळणारच नाही. वर दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल. तेल काढलेलं पीठ घेतलं तरी बुरशीचा प्रश्न राहतोच.

अंड्याचा पांढरा भाग कच्चा घातला तर त्यात लायसोझाइम असतं जे बॅक्टेरिया फोडतं, ॲव्हिडिन असतं जे बायोटिन पकडून ठेवतं, आणि ओव्होम्युकॉइड असतं जे ट्रिप्सिन अडवतं. गंमत म्हणजे यातलं ओव्होम्युकॉइड आणि लायसोझाइम स्वतःच ॲलर्जेन आहेत. एका चमच्यात तीन वेगवेगळे प्रयोग. कच्च्या सोयाबीनमध्येही ट्रिप्सिन इनहिबिटर आहेतच.

गहू घेणार असाल तर तुमच्या लॅबचं नेहमीचं मिडियम कशाचं आहे ते आधी बघा! आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठाच्या पद्धतीचं व्हीट क्रीम अगार बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात लिटरला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ आणि १० ग्रॅम अगार असतं. म्हणजे तुमचा "कंट्रोल" आधीपासूनच ग्लुटेन खातोय, आणि त्याच्या आईबापांनीही तेच खाल्लंय. असा प्रयोग मांडून वर ग्राफ काढलेले रिपोर्ट मी पाहिलेत.

कोळंबी तर सोडूनच द्या. कोळंबीचं मुख्य ॲलर्जेन ट्रोपोमायोसिन, आणि हे स्नायूतलं प्रोटीन कोळंबी, झुरळ, धुळीतले माइट, माशी या सगळ्या संधिपादांत एकमेकांच्या इतकं जवळचं असतं की कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसांची अँटीबॉडी झुरळाच्या ट्रोपोमायोसिनलाही चिकटते. माशीच्या दृष्टीने ते जवळपास तिचंच प्रोटीन. (उलटी गोष्टही घडते, वर्षानुवर्षं फ्लाय लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसांना माश्यांची ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. सकाळी लॅबमध्ये शिरलं की शिंका सुरू होणारा कोणी असेल तर त्याला हसू नका.)

माझं मत विचाराल तर नवख्याने केसीन घ्यावं. दुधातलं मोठं ॲलर्जेन आहे, शुद्ध पावडर मिळते, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याचा जुळा कंट्रोल मायक्रोबायोलॉजीच्या कपाटात आधीच पडलेला असतो. ट्रिप्टोन. तुम्ही इंडोल टेस्टला ट्रिप्टोन वॉटर बनवलं असेल, ते ट्रिप्टोन म्हणजे ट्रिप्सिनने तुकडे केलेलं केसीनच. अमिनो ॲसिड जवळपास तीच, ट्रिप्टोफॅनसुद्धा शाबूत (म्हणून तर इंडोल टेस्टला चालतं), फरक एवढाच की एकात प्रोटीन अख्खं आहे आणि दुसऱ्यात त्याचे छोटे पेप्टाइड. पोषण सारखं आणि प्रोटीनचा आकार वेगळा, असा कंट्रोल शेंगदाण्यासाठी शोधायला गेलात तर पाय झिजतील. ॲसिडने तोडलेलं केसीन हायड्रोलायझेट मात्र नको, त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट झालेलं असतं. जिलेटिनमध्ये तर ते जवळपास नसतंच.

माश्या

केळ्यावर बसलेली चिलटं पकडून प्रयोग करू नका. त्यात ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर किती आणि इतर जाती किती हे नवख्याला ओळखू येत नाही, शिवाय रानातल्या माश्यांत जंतू आणि माइट येतात. म्हैसूरच्या स्टॉक सेंटरमधून किंवा जवळच्या फ्लाय लॅबमधून वाइल्ड टाइप स्टॉक मागा, ओरेगन-आर किंवा कॅन्टन-एस, साधी मेल केली तरी बहुतेक लोक एक-दोन वायल (माश्यांच्या छोट्या बाटल्या) देतात. मुंबईत टीआयएफआर आणि पुण्यात आयसर, आघारकर अशा ठिकाणी माश्यांवर काम चालतं, फक्त गाइडमार्फत विचारा. डिप्टेरिसिन-जीएफपीसारख्या चमकणाऱ्या रिपोर्टर माश्या मागणार असाल तर त्या जनुकबदल केलेल्या आहेत, कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी घ्या.

माश्या आल्या की दोन पिढ्या स्वतःच्या बेस मिडियमवर वाढवा आणि एका बाटलीत फार गर्दी होऊ देऊ नका, गर्दीत वाढलेल्या अळ्यांच्या माश्या लहान निघतात आणि तो फरक पुढे तुमच्या आकड्यांत येऊन बसतो. एकाच दिवशी निघालेल्या माश्या गोळा करा, नर-मादी दोन दिवस एकत्र राहू द्या, मग वेगळे करा. बेशुद्ध करायला कॉलेजात ईथर वापरतात, पण ज्या दिवशी आरएनए काढायचाय त्या दिवशी ईथर नकोच.

नर की मादी? मादीच्या पोटात अंडाशय केवढा मोठा असतो ते एकदा उघडून बघा म्हणजे मुद्दा कळेल. प्रोटीन वाढलं की मादी अंडी जास्त घालते, अंडाशय फुगतो, आणि अख्खी मादी वाटून आरएनए काढला तर त्यात अंडाशयाचाच वाटा एवढा वाढतो की अंड्यांशी संबंधित शेकडो जीन्स "वर गेल्या" असं दिसतं. म्हणून दोनच पर्याय: मादीचं फक्त आतडं काढा, नाहीतर अख्खे नर वापरा. पहिल्या खेपेला नर घ्या आणि हात बसला की दुसऱ्या खेपेला आतड्यांकडे वळा.

मिडियम

गहू नको, मका नको, साधं साखर-यीस्ट मिडियम करा. लिटरचं प्रमाण असं: साखर ५० ग्रॅम, ब्रूअर्स यीस्ट १०० ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, प्रोपिऑनिक ॲसिड ३ मिली, आणि अल्कोहोलमधलं १० टक्के निपॅजिन (बुरशी रोखणारं रसायन) ३० मिली. आपल्याला तीन डाएट हवेत, प्रत्येकी २०० मिली, म्हणजे एकूण ६०० मिली बेस. साखर ३० ग्रॅम, यीस्ट ६० ग्रॅम, अगार ९ ग्रॅम.

पाण्यात अगार नीट विरघळेपर्यंत उकळा, साखर आणि यीस्ट घाला, गुठळ्या मोडा, परत उकळी आणा. उतू जायला यीस्टला क्षण लागतो, तेव्हा मोठं भांडं घ्या आणि फोन खाली ठेवा. मग गरम असतानाच तीन बीकरमध्ये समान वाटा. ४ ग्रॅम केसीन थोड्या कोमट पाण्यात पेस्ट करून एका बीकरमध्ये, ४ ग्रॅम ट्रिप्टोन तेवढ्याच पाण्यात दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात नुसतं तेवढंच पाणी, हा आपला "बेस" ग्रुप. हे शेवटचं पाणी लोक विसरतात आणि मग कंट्रोल बाकीच्या दोघांपेक्षा घट्ट होतो.

६० डिग्रीच्या खाली आलं की प्रत्येक बीकरमध्ये ०.६ मिली प्रोपिऑनिक ॲसिड आणि ६ मिली निपॅजिन. ॲसिड हूडमध्ये, ग्लव्हज घालून, आणि त्या निपॅजिनमधलं अल्कोहोल पेट घेतं त्यामुळे बर्नर बंद करून. इथे केसीनच्या बीकरकडे लक्ष ठेवा: केसीन पीएच ४.६ च्या आसपास पाण्यातून बाहेर पडतं, लिंबू पिळल्यावर दुधाचं पनीर होतं तसंच, त्यामुळे ॲसिड पडलं की बारीक पांढरे कण दिसायला लागतात आणि तळाशी बसतात. मॅग्नेटिक स्टररवर ढवळत ढवळत वायल भरा, शेवटच्या वायलपर्यंत ढवळणं थांबवू नका, नाहीतर पहिल्या पाच वायलमध्ये केसीन नाही आणि शेवटच्या पाचमध्ये सगळं. एका वायलला ८ मिली धरलं तर २०० मिलीत पंचवीसेक होतात, लागणार आहेत २०. भरून झाल्यावर मलमलीचं कापड टाकून रात्रभर सुकू द्या, मग कापसाचे बोळे. ओल्या वायलमध्ये माश्या चिकटून मरतात.

वायलवर "केसीन" वगैरे लिहू नका. मित्राला सांगा क, ख, ग अशी नावं द्यायला आणि चिठ्ठी त्याच्याकडेच ठेवायला.

माश्या खातायत का ते बघा

ही पायरी गाळली की सगळं फुकट, आणि नव्वद टक्के प्रोजेक्टमध्ये ती गाळलेली असते असा माझा अंदाज आहे. माशीने खाणं कमी केलं की उपासमारीच्या जीन्स वर जातात, आणि तुम्ही त्याला ॲलर्जेनचा परिणाम म्हणता.

सोपी पद्धत निळ्या रंगाची. केकसाठी मिळणारा नाही, लॅब ग्रेडचा ब्रिलियंट ब्लू एफसीएफ. प्रत्येक डाएटच्या थोड्या मिडियममध्ये सारखाच रंग मिसळा, माश्यांना अर्धा तास खाऊ द्या, मग गोठवून मोजून तेवढ्याच माश्या थोड्या पाण्यात वाटा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या पाण्याचं ६३० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजा. बिनरंगाच्या मिडियमवरच्या माश्या ब्लँक म्हणून घ्या कारण डोळ्यातला लाल रंगही पाण्यात उतरतो. अर्धा तासच का, तर जास्त वेळ ठेवलं की रंग दुसऱ्या टोकाने बाहेर यायला लागतो आणि तुम्ही जे मोजता ते खाणं राहत नाही. तिन्ही डाएटवर आकडे जवळपास सारखे आले तर पुढे चला. नाही आले तर तोच तुमचा पहिला रिझल्ट आहे, त्याला लपवू नका.

मांडणी

तीन डाएट, प्रत्येकी ५ वायल, वायलमध्ये २० माश्या. दर दोन दिवसांनी ताज्या वायलमध्ये टाका आणि आठव्या दिवशी सॅम्पल घ्या, म्हणजे एका ग्रुपला चार वेळा वायल, चार गुणिले पाच, वीस. २५ डिग्री, १२ तास उजेड १२ तास अंधार, आणि इनक्युबेटरमध्ये तिन्ही डाएटच्या वायल मिसळून ठेवा, एक डाएट एका कप्प्यात असं नको.

एक गोष्ट ठासून सांगतो. तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ५ आहे, कारण वायल ५ आहेत. २० माश्या आहेत म्हणून एन १०० होत नाही, आणि क्यूपीसीआर (एखाद्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) करताना प्लेटमध्ये एकच सॅम्पल तीन खड्ड्यांत टाकलं म्हणून एन तिप्पट होत नाही. एका वायलमधल्या माश्या एकच अन्न, एकच जंतू, एकच ओलावा वाटून घेतात, त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात.

सॅम्पल घ्यायची वेळही ठरलेली हवी. माशीच्या कित्येक जीन्स दिवसरात्रीच्या घड्याळाप्रमाणे वर-खाली होतात (हे घड्याळ माशीत उलगडल्याबद्दल २०१७ चं नोबेल दिलं गेलं), त्यामुळे बेसचे सॅम्पल सकाळी १० ला आणि केसीनचे दुपारी ३ ला असं केलं तर तुम्ही घड्याळ मोजताय. एक बेस, एक केसीन, एक ट्रिप्टोन, परत एक बेस, असं आलटूनपालटून घ्या.

कुठल्या जीन्स

पहिल्या प्रोजेक्टला एका प्लेटवर तीनच जीन्स बसतात, त्यातली एक रेफरन्स, म्हणजे जिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या ती. रेफरन्सला आरपी४९, ज्याला आरपीएल३२ पण म्हणतात, सगळे तीच वापरतात आणि बऱ्यापैकी स्थिर असते, पण डाएटने ती स्वतःच बदलत नाही ना हे तपासा कारण रायबोझोमचं प्रोटीन आहे आणि प्रोटीनयुक्त आहार रायबोझोम वाढवू शकतो. शंका आली तर ट्यूब्युलिनही बघा.

दुसरी थॉर, म्हणजे ४ई-बीपी. उपाशी माशीत इन्सुलिनचा सिग्नल पडतो, फॉक्सो नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये जातं आणि थॉर वर जाते. पोषणाचा मीटर समजा. तिसरी डिप्टेरिसिन, आयएमडी मार्गाची खूण, जंतूंचा मीटर.

प्लेटचा हिशोब बघा म्हणजे तीनच का ते कळेल: १५ सॅम्पल, ३ जीन्स, प्रत्येकी २ खड्डे, झाले ९०. उरलेल्या ६ मध्ये प्रत्येक जीनचे पाण्याचे कंट्रोल. ९६ ची प्लेट भरली. दुसरी प्लेट परवडत असेल तर यूपीडी३ घ्या, आतड्याच्या पेशींना इजा झाली की ती वर जाते, आणि जीएसटीडी१, जी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सांगते. आतड्यावर काम करत असाल तर जोना गटातला एखादा प्रोटीएझ फार उपयोगाचा, कारण अख्खं प्रोटीन पचवायला लागलं तर पहिला फरक तिथे दिसायला हवा. टोबी म्हणून एक मजेशीर जीन आहे, प्रोटीनने वर जाते आणि साखरेने खाली.

सॅम्पल आणि आरएनए

नर वापरताय तर वायल उलटी धरून माश्या थेट थंड ट्यूबमध्ये झटका आणि ट्यूब लिक्विड नायट्रोजनमध्ये किंवा ड्राय आइसवर. १० नरांना ५०० मायक्रोलिटर ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रावण) पुरतं, प्लास्टिकच्या पेसलने पाय-पंखांचे तुकडे दिसेनासे होईपर्यंत वाटा.

आतडं काढायचं तर बर्फावर थंड केलेला पीबीएसचा थेंब घ्या, माशीला त्यात पोट वर करून ठेवा, एका चिमट्याने छाती धरा आणि दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक पकडून हळू ओढा. घाई केली की आतडं मधेच तुटतं. नीट ओढलं तर पांढरट वेटोळ्याची दोरी बाहेर येते, तिला पिवळसर धाग्यांसारख्या माल्पिघियन नलिका लटकलेल्या असतात, त्या आणि अंडाशय बाजूला करा, अन्नाची पिशवी, म्हणजे क्रॉप, तीही काढा, आणि दोरी लगेच ट्रायझॉलमध्ये. एका सॅम्पलला १०-१२ आतडी. १५ सॅम्पल म्हणजे पावणेदोनशे, एका बैठकीत नवख्याच्याने होत नाही, तेव्हा आधी आठवडाभर जास्तीच्या माश्यांवर हात बसवा.

ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपॅनॉल, ७५ टक्के इथेनॉल, हा प्रोटोकॉल प्रत्येक लॅबच्या भिंतीवर चिकटवलेला असतो, त्यावर मी शाई खर्च करत नाही. २६०/२८० चा रेशो २ च्या जवळ हवा. पण एक गोष्ट माहीत नसली तर रात्रीची झोप जाईल: जेलवर माणसाच्या किंवा उंदराच्या आरएनएसारखे २८एस आणि १८एसचे दोन ठळक पट्टे शोधत बसू नका. कीटकांच्या २८एसमध्ये मधेच एक छुपा छेद असतो, गरम केलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि ते १८एसच्या जागीच येऊन बसतात, त्यामुळे एकच पट्टा दिसतो. मशीनने क्वालिटीचा स्कोअर कमी दिला तरी आरएनए खराब झालाय असं समजून फेकू नका, खाली धूर पसरलाय का ते बघा.

डीएनएझ (डीएनए कापणारं एन्झाइम) द्या, सगळ्या सॅम्पलचा सारखाच आरएनए घेऊन सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, करा, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ न घातलेली एक ट्यूब ठेवा. डिप्टेरिसिनसारख्या छोट्या जीन्समध्ये इंट्रॉन मिळणं अवघड असतं, प्रायमर दोन एक्सॉनवर पसरवता येत नाहीत, मग उरलेला डीएनए पकडायला ती एकच ट्यूब असते. प्रायमरची एफिशियन्सी ९० ते ११० टक्क्यांत आहे का ते पाच डायल्यूशन करून आधीच तपासा.

गणित

घाबरण्यासारखं काही नाही, वजाबाकीच आहे. समजा (आकडे फक्त उदाहरणासाठी) बेसवर डिप्टेरिसिनचा सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा) २७ आणि आरपी४९ चा १८. फरक ९. केसीनवर डिप्टेरिसिन २४.५ आणि आरपी४९ १८.२, फरक ६.३. आता ६.३ वजा ९, उत्तर उणे २.७. चिन्ह उलटं करा आणि २ चा घात २.७ काढा, साधारण ६.५. म्हणजे केसीनवर डिप्टेरिसिन साडेसहा पट. सीटी कमी म्हणजे आरएनए जास्त, हे पहिल्या दिवशी सगळ्यांचं उलटंच होतं.

स्टॅटिस्टिक्स पटींवर करू नका, फरकाच्या आकड्यांवर करा, म्हणजे वरच्या ९ आणि ६.३ वर. पटी एका बाजूला ताणलेल्या असतात. तीन ग्रुप आहेत म्हणून अनोव्हा आणि त्यानंतर जोड्यांची तुलना. ग्राफमध्ये नुसता बार नको, पाचही वायलचे ठिपके दाखवा.

आता वाचायचं कसं

चिठ्ठी उघडा. बहुतेक वेळा असं दिसेल की केसीन आणि ट्रिप्टोन दोघांनी बेसपेक्षा सारखाच बदल केलाय, थॉर खाली, आणि बघितली असेल तर टोबी वर. याचा अर्थ प्रोटीन वाढल्याचा परिणाम, ॲलर्जेनचा काही संबंध नाही. हा खरा आणि चांगला निष्कर्ष आहे. दुसरा कंट्रोल ठेवला नसता तर हाच बदल तुम्ही "दुधाच्या ॲलर्जेनचा परिणाम" म्हणून छापला असता.

फक्त केसीनवर प्रोटीएझ वर आणि ट्रिप्टोनवर नाही असं आलं तर अख्खं प्रोटीन फोडायला आतडं जास्त काम करतंय. पचनाची गोष्ट, इम्युनिटीची नाही. इथे पुढचा प्रयोग म्हणजे ॲलर्जेन नसलेलं दुसरं एखादं अख्खं प्रोटीन. लॅबमध्ये सहज मिळणारं बीएसए घ्यायचा मोह होईल, पण तेही गाईचं आणि ॲलर्जेनच्या यादीतलंच आहे. मला तांदळाचं प्रोटीन त्यातल्या त्यात बरं वाटतं.

डिप्टेरिसिन वर गेली तर नाचू नका. आधी जंतू. त्या डाएटच्या वायलचं थोडं मिडियम आणि वाटलेल्या चार माश्या न्यूट्रिएंट अगारवर पसरवा आणि कॉलनी मोजा. ट्रिप्टोनवर तर बॅक्टेरिया वाढणारच, ते बनवलंच त्यांच्यासाठी. "पण मी तर ऑटोक्लेव्ह केलं होतं" असं म्हणाल, तर पेप्टिडोग्लायकन उष्णतेला दाद देत नाही, मेलेल्या बॅक्टेरियांच्या भिंतीही आयएमडी जागं करू शकतात आणि दुधाच्या पावडरीत असल्या भिंती असतात. खात्री करायची तर अंडी पातळ ब्लीचमध्ये दोन मिनिटं धुऊन त्यांचं बाहेरचं कवच काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि ऑटोक्लेव्ह केलेल्या मिडियमवर जंतूविरहित माश्या वाढवून तोच प्रयोग परत करा. तिथे डिप्टेरिसिनची वाढ गायब झाली तर ती माशीच्या आतल्या जिवंत जंतूंमुळे होती. राहिली तर पावडरीतल्या भिंतींचा संशय अजून शिल्लक आहे, दुसऱ्या कंपनीचं जास्त शुद्ध केसीन घेऊन बघा.

यूपीडी३ वर आणि खाणंही कमी, अशी जोडी आली तर डोस जास्त झालाय. २ टक्क्यांऐवजी अर्धा टक्का करून बघा.

काहीच बदललं नाही तर तसंच लिहा. पाच वायलमध्ये दीडपटीचा फरक पकडणं अवघड असतं, एवढं मान्य करा.

क्यूपीसीआर मशीन नसेल तर

बऱ्याच कॉलेजात नसतं. मग लोकांचा डेटा वापरा. माशीचा जीनोम २००० सालीच वाचून झालाय, साधारण १४,००० प्रोटीन बनवणाऱ्या जीन्स, आणि आहार बदलून केलेले कित्येक आरएनए-सीक्वेन्सिंग डेटासेट अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या जीईओ संग्रहात फुकट आहेत. "ड्रोसोफिला", "मिडगट", "डाएट" असं शोधा, ज्यात प्रत्येक ग्रुपला निदान तीन रेप्लिकेट आहेत तेच घ्या, कच्चे काउंट डाउनलोड करा आणि गॅलेक्सी सर्व्हरवर किंवा आर मध्ये डीईसेक२ चालवा. आधीच नॉर्मलाइझ केलेले आकडे त्यात घालू नका, त्याला पूर्णांकच लागतात. कुठली जीन कुठल्या अवयवात चालते ते फ्लायॲटलसवर, आणि जीनबद्दल बाकी सगळं फ्लायबेसवर. घरबसल्या होतं, फक्त लॅपटॉपला बऱ्यापैकी नेट हवं.

शेवटचं कामाचं. शेंगदाणा, अंडं, दूध यांच्या पावडरी तोलताना मास्क लावा आणि लॅबमध्ये कोणाला त्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, माशीला होत नसली तरी शेजारच्या बेंचवरच्या मुलीला होऊ शकते. तराजू ओल्या कापडाने पुसा. संपलेल्या वायल रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवूनच कचऱ्यात टाका, नाहीतर आठवड्याभरात कँटीनवाला तुमच्या एचओडींकडे पोचलेला असेल. उरलेला आरएनए उणे ८० ला, ट्यूबच्या झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे नाव लिहून, आणि मार्कर अल्कोहोलने न पुसला जाणाराच घ्या.